सांगितल्याशिवाय तो तबल्याला हात का लावत नाही?

वडोदऱ्यातल्या एका आईने लिहिलं आहे: मुलगा ११ वर्षांचा आहे. लहानपणी पातेली, डबे, जेवणाचं टेबल, जे समोर येईल त्यावर ठेका धरायचा, म्हणून सहाव्या वर्षी तबल्याच्या क्लासला घातलं. प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाला, स्पर्धांत बक्षिसंही मिळाली. उत्साह टिकावा म्हणून घरच्यांनी आधी परीक्षेसाठी सायकल कबूल केली. गेल्या वर्षापासून 'रोज रियाज केलास तर अर्धा तास मोबाइल' असं ठरवलं. आता सांगितल्याशिवाय तो तबल्याला हात लावत नाही, मोबाइल मात्र सोडवत नाही. त्यांचे तीन प्रश्न आहेत. इतकी आवड होती ती गेली कुठे? बक्षिसं देण्यात आमचं चुकलं का? आणि मध्यमा प्रथमचा, म्हणजे पुढच्या परीक्षेचा, फॉर्म या वेळी भरावा का?

ताई, या शहरात समुपदेशनाचं काम करताना तुमच्यासारखे पालक मला सतत भेटतात. कुणाची मुलगी चित्रं काढायची थांबलेली असते, कुणाचा मुलगा मल्लखांबाला जायला कां कूं करत असतो. बहुतेकांना वाटतं की मूल आळशी झालं, किंवा आवड मुळात वरवरचीच होती. तुम्ही जे वर्णन केलं आहे त्यावरून मला दोन्ही पटत नाही. 'मी तबला का वाजवतो?' या प्रश्नाचं त्याच्या मनातलं उत्तर गेल्या वर्षभरात बदललेलं दिसतं. पूर्वी त्याचं उत्तर तबल्यातच होतं, आता ते मोबाइलमध्ये आहे. हे कसं होतं ते नीट समजून घेतलंत तर पुढचं तुम्हालाच सुचेल, म्हणून जरा मुळापासून सांगते.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध संपेपर्यंत मानसशास्त्रात एक समज घट्ट होता: प्राणी असो की माणूस, तो काही करतो ते भूक-तहान भागवायला, वेदना टाळायला किंवा बक्षीस मिळवायला. १९४९ च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिंजऱ्यात एक यांत्रिक कोडं ठेवलं. खिळ, आकडा आणि कडी असं एकापाठोपाठ काढायचं. खाऊ नव्हता, शिक्षा नव्हती. तरी माकडं ते कोडं पुन्हापुन्हा सोडवत बसली आणि त्यात तरबेज झाली. नंतर खाऊ ठेवल्यावर त्यांच्या चुका वाढल्या, कारण आता लक्ष कोड्यावरून खाऊकडे गेलं होतं. तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग या माकडांनी आधीच विचारून ठेवलेला आहे.

दहा वर्षांनी, १९५९ साली, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हाइट यांनी याला 'इफेक्टन्स' असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं की आपल्या कृतीचा आजूबाजूच्या जगावर परिणाम होतो, हे अनुभवण्याची ओढ जन्मजात आहे. रांगतं बाळ वाटी खाली टाकतं, आवाज होतो, आपण वाटी उचलून देतो, ते पुन्हा टाकतं. आपण वैतागतो. बाळ मात्र एक फार मोठी गोष्ट शिकत असतं: मी केलं म्हणून झालं. तुमचा मुलगा पातेली बडवायचा तेव्हा त्याला हेच मिळत होतं. स्टीलच्या डब्याचा आवाज वेगळा, टेबलाचा वेगळा, बोटांनी मारलं की वेगळा, तळव्याने मारलं की वेगळा. ती त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती आणि तिथे त्याला गुण देणारं कुणी नव्हतं.

पुढे रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. १९८५ पर्यंत त्यांचा सिद्धांत बराचसा उभा राहिला आणि आजही या विषयात तो सगळ्यांत भक्कम मानला जातो. कुठलंही काम त्या कामासाठीच करावंसं वाटायला तीन गोष्टी मिळाव्या लागतात, असं ते सांगतात. हे मी माझ्या मनाने करतोय. हे मला जमतंय आणि आणखी जमू लागलंय. आणि हे करताना मी माझ्या माणसांत आहे. यांतली एक जरी वाळली तरी गोडी कमी होते. तुमच्या घरी पहिली नक्कीच वाळली आहे. दुसरी आणि तिसरी तपासायला हव्यात, आणि पालक नेमकं तिथे बघत नाहीत.

दुसरीपासून सुरू करू, कारण तबल्याच्या बाबतीत तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे.

मिहाय चिक्सेंटमिहाय हे हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ. १९६० च्या दशकात शिकागोमध्ये ते चित्रकारांचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आलं की चित्र रंगात आलेलं असताना ही माणसं भूक, झोप, थकवा सगळं विसरतात, आणि चित्र पूर्ण झालं की त्यांचा त्यातला रस संपतो, ते दुसरा कॅनव्हास घेतात. आपल्याकडे फाइन आर्ट्सच्या आवारात संध्याकाळी उशिरापर्यंत मातीत हात घालून बसलेली मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मग चिक्सेंटमिहाय यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा कितीतरी जणांना विचारलं आणि १९७५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. अशी तंद्री लागते ती काही अटींवर. पुढच्या क्षणी काय करायचं ते स्पष्ट हवं, केलेलं बरोबर की चूक ते लगेच कळायला हवं, आणि काम आपल्या आवाक्याच्या किंचित पलीकडचं हवं. फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात जीव रमतो.

आपल्याकडचं उत्तरायण आठवा. १४ जानेवारीला सकाळपासून पोरं गच्चीवर असतात. बोटं मांज्याने कापलेली, डोळ्यांवर ऊन, खालून जेवायला बोलावून बोलावून आजी दमलेली. कुणी प्रमाणपत्र देत नाही. पण हेतू स्पष्ट असतो, ढील द्यायची की खेच घ्यायची याचा निकाल क्षणात लागतो, आणि समोरच्या गच्चीवरचा गडी साधारण आपल्याच तोडीचा असतो. पहिल्यांदा पतंग हातात धरणारं पोर मोठ्यांच्या पेचात सापडलं की रडकुंडीला येतं, आणि मग कुणीतरी काका त्याला फिरकी धरायला देतो. तिथे ते रमतं, कारण ती त्याच्या आवाक्यातली गोष्ट असते. 'लपेट' म्हणून ओरडणाऱ्या त्या गच्चीवर मला या सिद्धांताचे सगळे भाग दिसतात.

तबल्यात तर ही सोय रचनेतच आहे. लेहरा (तालाबरोबर फिरून फिरून वाजणारी धून) चालू आहे, मुलगा तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेतो, आणि शेवटचा धा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो किंवा पडत नाही. कुणी सांगावं लागत नाही. जगात फार थोड्या गोष्टी शिकणाऱ्याला इतकं स्वच्छ आणि इतकं तात्काळ उत्तर देतात. म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न आहे: घरी रियाज करताना त्याच्यासोबत लेहरा असतो का? की तो भिंतीकडे तोंड करून, मोबाइलवरच्या घड्याळाकडे बघत, 'धाधा तिट धाधा तूना' पंधरा मिनिटं वाजवून उठतो? दुसऱ्या प्रकारचा रियाज मी अनेक घरांत पाहिला आहे. त्यात सम नसते, म्हणून उत्तर नसतं, म्हणून जमल्याचा आनंदही नसतो. उरतं ते फक्त वेळ भरणं.

दुसरा प्रश्न त्याच्या सरांना विचारा. सध्या तो जे वाजवतोय ते त्याला फार सोपं झालंय की फार अवघड? परीक्षेचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. हात बसलेल्या मुलाला तेच कायदे (ठरावीक बोलरचना) आणि त्यांचे तेच पलटे (फेरफार) महिनोन्‌महिने वाजवावे लागले तर तो कंटाळतो. उलट चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, बोल अडखळत असतील आणि परीक्षा तोंडावर असेल तर तो टाळाटाळ करतो. घरात दोन्हींचं रूप सारखंच दिसतं: 'मला नाही वाजवायचं.' उपाय मात्र उलटे आहेत. पहिल्याला नवीन, अवघड काहीतरी द्यावं लागतं, दुसऱ्याला लय उतरवून द्यावी लागते. न विचारता उपाय केला तर दुखणं वाढतं.

कुतूहलाबद्दलही एक गोष्ट इथेच सांगते. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं की आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावंसं वाटतं, त्यांतली फट दिसली की कुतूहल जागं होतं. काहीच माहीत नसेल तर फट दिसत नाही, सगळं माहीत असेल तर ती उरत नाही. तुमच्या मुलाला पाच वर्षांत पुरेसं येतं, म्हणजे त्याला फट दिसू शकते. अजराडा घराण्याचे पंडित सुधीरकुमार सक्सेना यांनी आपल्याच शहरातल्या संगीत महाविद्यालयात अनेक वर्षं तबला शिकवला. त्या घराण्याचे तिस्र जातीतले कायदे त्याला ऐकवा आणि काही बोलू नका. सरळ लयीत चारचे हिशेब शिकलेल्या मुलाच्या कानावर तीनचा हिशेब आला की तो बोटं मोजायला लागतो. मोजायला लागला की तुमचं काम झालं.

आता बक्षिसांकडे येऊ. इथे संशोधन भरपूर आहे आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा लावला जातो.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, अशीच तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं पुन्हा वर्गात ठेवली, कुणालाही काही न सांगता. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आता इतरांच्या साधारण निम्मा वेळच पेनांकडे वळली. ज्यांना अचानक मिळालं होतं त्यांची गोडी जशीच्या तशी होती.

प्रशस्तिपत्र तेच, मुलंही सारखीच. फरक पडला तो 'असं केलंस तर तसं मिळेल' या आगाऊ कराराने. करार झाला की मूल नकळत हिशेब मांडतं: ज्याअर्थी यासाठी काही द्यावं लागतंय, त्याअर्थी हे काम मुळात करण्यासारखं नसावं. शिवाय आता ते कुणाच्या तरी मर्जीने करायचं असतं. वर सांगितलेली पहिली गरज इथे मारली जाते.

डेसी यांनी याच्या दोन वर्षं आधी, १९७१ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. सोमा नावाचं सात तुकड्यांचं कोडं, सोडवलेल्या प्रत्येक आकृतीला एक डॉलर, आणि मध्येच विद्यार्थ्याला आठ मिनिटं खोलीत एकटं सोडायचं. बाजूला मासिकं पडलेली. पैसे बंद झाल्यावर, ज्यांना पैसे मिळाले होते ते मोकळ्या वेळात कोड्याकडे कमी वळू लागले. पुढे २०१० साली कोऊ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी हेच मेंदूत पाहिलं. स्टॉपवॉच बरोबर पाच सेकंदांवर थांबवायचं, असा साधा खेळ. काहींना प्रत्येक यशाला पैसे, काहींना नाहीत. नंतरच्या फेरीत पैसे बंद केल्यावर पैसे घेतलेल्यांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाचा, म्हणजे यश मिळालं की चमकणाऱ्या भागाचा, प्रतिसाद जवळजवळ मावळला. फुकट खेळणाऱ्यांचा टिकून होता. खेळ तोच होता, पण जमल्याचा आनंद आता मेंदूत नोंदलाच जात नव्हता. हे वाचून मला आजही वाईट वाटतं, कारण समोर बसलेल्या मुलांचे चेहरे आठवतात.

याचा अर्थ घरात कधीच काही देऊ नये असा नाही. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र करून तपासले. आधी कबूल केलेली आणि कामाला बांधलेली बक्षिसं आवडीच्या कामाची गोडी घटवतात. अचानक दिलेल्या भेटीने तसं होत नाही. आणि काम मुळातच रटाळ असेल तर बक्षिसाने फारसं बिघडत नाही, कारण घटायला तिथे गोडीच नसते. खोली आवरण्यासाठी अर्धा तास मोबाइल दिलात तर मी हरकत घेणार नाही. तबल्यासाठी दिलात, तिथे घेते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. सायकलीने फारसं नुकसान केलं नसावं. ती एकदाच आली आणि मोठ्या टप्प्यानंतर आली. स्पर्धेतली बक्षिसंही मी दोषी धरत नाही, घरात त्यांचाच जप चालू नसेल तर. रोजचा मोबाइलचा करार मात्र घातक आहे. तो रोजचा आहे, आगाऊ आहे, आणि त्यात तबला ही मोबाइलसाठी मोजायची किंमत झाली आहे. माणूस किंमत शक्य तितकी कमी मोजतो. तो पंधरा मिनिटांत उठत असेल तर ते त्यामुळे.

स्तुतीबद्दलही बोलायला हवं, कारण मोबाइल बंद करून बरेच पालक कौतुकाचा पाऊस पाडायला लागतात. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात पाचवीच्या मुलांना आकृत्यांची काही कोडी दिली. काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू चांगली मेहनत घेतलीस' म्हटलं. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिल्यावर 'हुशार' ठरलेली मुलं लवकर हार मानू लागली, त्यांना मजाही कमी आली आणि पुढे गुणही घसरले. घरात आपण 'जन्मजात तालाचं अंग आहे याला' असं पाहुण्यांसमोर म्हणतो, तेव्हा चूक करण्याची त्याची मुभा काढून घेतो. त्यापेक्षा 'त्या दुसऱ्या पलट्यात तू मध्येच काय बदललंस?' असं विचारा. त्यात कौतुकही आहे आणि तुम्ही खरंच ऐकलं याचा पुरावाही.

आणि मोबाइल. तुम्ही लिहिलंय की तो तबल्यापेक्षा मोबाइलच जास्त 'एन्जॉय' करतो. मला तसं वाटत नाही. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी दाखवून दिलं की मेंदूत हवंहवंसं वाटणं आणि प्रत्यक्ष आवडणं यांच्या यंत्रणा वेगळ्या आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ नाहीसं केलं, ते स्वतःहून अन्नाकडे जाईनात, पण तोंडात साखर घातली की पूर्वीसारखेच ओठ चाटत. म्हणजे गोडाची आवड शाबूत होती, ओढ गेली होती. उलटंही घडतं: ओढ प्रचंड, आनंद जेमतेम. पुढच्या व्हिडिओत काय असेल याची अनिश्चितता ही ओढ सतत पेटती ठेवते. तो मोबाइल ठेवून उठतो तेव्हा त्याचा चेहरा पाहा, आणि एखादा तुकडा मनासारखा वाजल्यावर पाहा.

आता तिसरी गोष्ट, माणसांची. आपल्याकडच्या गरब्याला जाऊन या. नऊ रात्री, दिवसभर नोकरी करून आलेली माणसं मध्यरात्रीपर्यंत गोलात फिरतात. पावलं फार अवघड नसतात. तिथे खेचणारी गोष्ट म्हणजे आपल्यासोबत हजारोंनी एकाच तालावर पाऊल टाकणं. एकट्याने, बंद खोलीत, हाच गरबा रोज अर्धा तास करायला सांगितला तर किती जण करतील? आणि आपण मुलाला तबला देतो तो नेमका तसा. तबला तर मुळात साथीचं वाद्य. मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली, तेव्हापासून या गावात गाणं-वाजवणं चारचौघांत बसून शिकण्याची सोय आहे. तुमचा मुलगा शेवटचा कुणाबरोबर वाजवायला कधी बसला होता, परीक्षक समोर नसताना? आठवत नसेल तर सुरुवात तिथून करा. शेजारच्या आजींच्या भजनी मंडळात केरवा धरायला कुणीतरी लागतंच. गणपतीत आरतीला लागतं. गाणारी एखादी मैत्रीण असेल तिच्याबरोबर बसू द्या. चुकलं तर हसू द्या.

काही पालक हे वाचून अपराधी होतील: क्लासला तर आम्हीच घातलं, मग त्याच्या मनाचं कुठे राहिलं? एवढा जीव जाळू नका. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना शब्दकोडी दिली. गोऱ्या अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेल्या कोड्यांत सर्वांत चांगली कामगिरी केली. आशियाई कुटुंबांतल्या मुलांची कामगिरी मात्र 'हे तुझ्या आईने निवडलंय' असं सांगितल्यावर सर्वांत चांगली झाली. अनोळखी बाईने निवडलेलं दोघांनाही नकोसं होतं. ती मुलं जपानी आणि चिनी वंशाची होती, मराठी नव्हती, हे खरं. तरी आपल्या घरांत मला हेच दिसतं. जिच्यावर विश्वास आहे तिची निवड मूल आपलीच मानतं. त्रास होतो तो निवडीनंतर रोजच्या पहाऱ्याने.

सगळा रियाज आनंदाचाच असतो असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तशी खोटी आशा मुलाला देऊही नका. 'तिरकिट' स्वच्छ निघेपर्यंत तेच ते घासावं लागतं. हात बसायला वेळ लागतो, आणि त्या काळात काही दिवस अगदी कोरडे जातात. हे कोरडे दिवस कसे निभवायचे, यावरही अभ्यास झाला आहे. १९९४ मध्ये डेसी आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक अत्यंत कंटाळवाणं काम दिलं: पडद्यावर प्रकाशाचा ठिपका दिसला की कळ दाबायची. ज्यांना या कामाचं खरं कारण सांगितलं, 'हे कंटाळवाणं वाटू शकतं' हे मान्य केलं, आणि 'करायलाच हवं' ऐवजी निवडीची भाषा वापरली, ते नंतर मोकळ्या वेळातही ते काम अधिक करत राहिले आणि मनापासून करत राहिले. घरात हे असं होईल: 'तिरकिट घासणं कंटाळवाणं आहेच रे. पण तो निघाला नाही तर रेला पळणार नाही, सरांचा ऐकलास ना परवा. आत्ता करतोस की जेवणानंतर?' आपण नेमकं उलटं बोलतो. कारण सांगत नाही, कंटाळा नाकारतो, आणि वेळही आपणच ठरवतो.

सरांबद्दल थोडंच. शिकागो विद्यापीठाच्या बेंजामिन ब्लूम यांच्या गटाने १९८५ मध्ये १२० असामान्य पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणिती आणि मज्जाशास्त्रज्ञ यांचा अभ्यास मांडला. यांतल्या बहुतेकांचे पहिले गुरू त्या क्षेत्रातले मोठे लोक नव्हते. ते प्रेमळ होते, त्यांच्याकडे जावंसं वाटायचं. कडक शिस्त पुढच्या टप्प्यावर आली, गोडी लागल्यानंतर. तुमच्या मुलाला आत्ताच्या सरांकडे जावंसं वाटतं का, एवढं त्याला एकांतात विचारा.

मग करायचं काय? मोबाइलचा करार मोडा, पण गुपचूप नको. त्याला समोर बसवून सांगा की तबला आणि मोबाइल यांचा आता संबंध नाही, मोबाइलची वेळ वेगळी ठरेल आणि ती रियाज झाला-न झाला तरी तेवढीच राहील. 'झाला का रियाज?' हा प्रश्न घरातून काढून टाका, आजोबांनाही सांगा. तबला कपाटात असेल तर बाहेर काढा, बैठकीच्या खोलीत ठेवा. लेहऱ्याची सोय करा. पहिले काही आठवडे तो वाजवणार नाही, ही तयारी ठेवा. मोबदला थांबला की आधी काम थांबतं, वरच्या प्रयोगांत तेच दिसलं. याच वेळी पालक घाबरतात आणि जुना करार परत आणतात. धीर धरा. तो येता-जाता उगाच एखादी थाप मारेल, तेव्हा स्वयंपाकघरातून 'वा!' म्हणून ओरडू नका. त्याचं त्याला राहू द्या.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. फक्त तबल्यातला रस गेला असेल तर वरचं सगळं लागू आहे. पण मित्र, खेळ, आवडीचं खाणं, सगळ्यांतलाच रस गेला असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, चिडचिड किंवा रडणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो प्रेरणेचा प्रश्न नाही. तेव्हा बालमानसतज्ज्ञांना लवकर दाखवा. उशीर करू नका, आणि लाजू तर अजिबात नका.

राहिला मध्यमाचा फॉर्म. माझा कल या सत्रात न भरण्याकडे आहे. परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा येते, त्यामुळे गमावण्यासारखं फार नाही. नवा अभ्यासक्रम घाईने घोटला तर 'जमतंय' ही भावना आणखी मागे पडेल. पण निर्णय तुम्ही घेऊन त्याला कळवू नका. फॉर्म त्याच्यासमोर ठेवा, या परीक्षेत काय काय वाजवावं लागतं ते सरांकडून त्याला ऐकवा, आणि उत्तर द्यायला आठवडाभर वेळ द्या. त्याने 'भरूया' म्हटलं तर माझं मत बाजूला ठेवून भरा, आणि तयारी कशी करायची ते त्याला आणि सरांना ठरवू द्या. 'नको' म्हटलं तर 'बरं' म्हणा, आणि त्या सहा महिन्यांत त्याला कुणाच्या गाण्याला साथ करायला आवडेल, ते त्यालाच विचारा.